पुनवेची सुकती

थंडी पडली की रायगडच्या किनारपट्टीत वालाच्या शेंगा आणि कवींच्या वह्या एकदमच भरतात. शेंगांचं काय करायचं ते आमच्याकडे पूर्वापार ठरलेलं आहे. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधे अंडी, बटाटे आणि वार सोसत असेल तर कोंबडी. वर पुन्हा पाला दाबायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवून द्यायचं. पाणी नाही, तेल नाही. ही पोपटी. वह्यांचा प्रश्न मात्र अवघड होता. तो सोडवणारा माणूस कोण ते मला ठाऊक नाही, पण त्याला माझा नमस्कार आहे. मडकं शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ जमलेला एकही माणूस जागचा हलत नाही, हे त्यानं हेरलं. आता आमच्या जिल्ह्यात पोपटी कविसंमेलनं भरतात. श्रोते धरून ठेवण्याचा याहून खात्रीचा उपाय अखिल भारतीय पातळीवरही कोणाला सापडलेला नाही.

अशा संमेलनाचा अध्यक्ष नावाला कोणीही असो, खरी सत्ता जाळाजवळ उकिडव्या बसलेल्या माणसाकडे असते. तो मधूनच मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतो. थेंब चुर्र करून उडाले की मडकं झालं. त्यानंतर कितीही मोठा कवी असला तरी त्याला कडव्याच्या मध्यावर थांबावं लागतं. म्हणून मुरलेले कवी सुरुवातीलाच नंबर लावतात. नवखे शेवटी राहतात, आणि ‘वा, काय वास सुटलाय!’ ही दाद आपल्या रातराणीला मिळाली की मडक्यातल्या कोंबडीला, हे त्यांना घरी पोचेपर्यंत उमगत नाही.

कवींना आमच्याकडे तोटा नाही. समोर दर्या, मागे डोंगर, मधे नारळ-सुपारीच्या वाड्या आणि निवृत्तीनंतरच्या रिकाम्या सकाळी; अशा ठिकाणी कविता न लिहायलाच निग्रह लागतो. तलाठी लिहितात, पोस्टमास्तर लिहितात, खत कारखान्यातला फिटर रात्रपाळी संपवून लिहितो, अंगणवाडीच्या ताई हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितात. मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ साली कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन केली, तिच्या शाखा तालुक्यातालुक्यांत पोचल्या आणि या सगळ्यांना बसायला सतरंजी मिळाली. उरणला मधुबन कट्टा भरतो. इतर गावांत ग्रंथालयाची खोली, देवळाची ओसरी, कोणाची तरी पडवी, काहीही चालतं. चहा आणि वेफर्सचा खर्च आळीपाळीनं.

तोटा आहे तो ऐकणाऱ्यांचा. मी कवी नाही, हीच माझी या मंडळींतली पत. पहिल्यांदा गेलो तेव्हा संयोजकांनी वही पुढे करून विचारलं, “किती कविता?” म्हटलं, “एकही नाही, ऐकायला आलोय.” त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मला पुढच्या रांगेत बसवण्यात आलं, पाण्याची बाटली देण्यात आली आणि अध्यक्षांनी भाषणात माझा उल्लेख ‘रसिक’ असा एकवचनी केला. बाकी सगळे श्रोते म्हणजे आपला नंबर यायचा असलेले कवी. ते दुसऱ्याची कविता ऐकताना ओठांनी स्वतःची पुटपुटत असतात. वाचून झालेला कवी मात्र मोकळा होतो. त्याच्या तोंडून सढळ दाद निघते, फक्त तोवर त्याची लाँच सुटायची वेळ झालेली असते.

दाद कशी द्यावी हे या मंडळींत बसून बसून मला थोडंफार कळू लागलं आहे. ‘छान’ सर्वांना चालतं आणि कोणालाच पुरत नाही. ‘मनाला भिडली’ म्हटलं की कवी लगेच विचारतो, ‘कुठली ओळ?’ आणि आपली पंचाईत होते, कारण त्या वेळी आपण मडक्याकडे बघत असतो. ‘काळजाला हात घातलात’ ही दाद आईवरच्या कवितेसाठी राखीव आहे. ती पावसावरच्या कवितेला दिली तर लोक वळून बघतात. ‘लिहीत राहा’ हे मात्र जपून. तरुण कवीला तो आशीर्वाद वाटतो, पण पासष्टीच्या कवीला त्यातून ‘अजून जमलेलं नाही’ एवढंच ऐकू येतं. एका काकूंनी तर मला तोंडावर विचारलं होतं, “म्हणजे आत्ता वाचली ती कविता नव्हती का?”

दाद माणसाला असते की कवितेला, हे या किनाऱ्यावर कधी नीट वेगळं झालेलं नाही. सगळे एकमेकांना ओळखतात. कवीनं गेल्या वर्षी कोणाला जातीचा दाखला वेळेवर काढून दिला, कोणाच्या मुलीच्या लग्नात कोण राबलं, हे सगळं टाळ्यांत मिसळलेलं असतं. याचं टोक बघायचं तर आमच्याच जिल्ह्याचे चिंतामणराव देशमुख घ्या. महाडजवळच्या नात्याला जन्म, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. आणि संस्कृत काव्याचं वेड इतकं की मेघदूत मराठीत आणलं, स्वतःही संस्कृतात रचना केल्या. आता, ज्या माणसाच्या सहीनं नोट खरी ठरते त्याच्या श्लोकाला ‘तिसऱ्या चरणात जरा अडखळतंय’ असं कोण सांगणार? त्यांचे श्लोक चांगले असतीलही. माझं संस्कृत त्यावर मत देण्याइतकं नाही. पण खिशात त्यांच्या सहीची नोट बाळगून त्यांची कविता ऐकणाऱ्याची अवस्था काय होत असेल, हे मला राहून राहून वाटतं.

याच्या अगदी उलट प्रकार बघायचा असेल तर खाली दक्षिणेकडे, म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला शक्ती-तुऱ्याचा सामना ऐकावा. दोन फड, दोन शाहीर. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. गण झाला, गवळण झाली की एक शाहीर पुराणातला कूट प्रश्न गाण्यात गुंफून समोरच्याच्या अंगावर टाकतो. समोरच्यानं त्याचं उत्तर गाण्यातच द्यायचं, चालीवर, यमक सांभाळून, आणि जाता जाता आपलाही एक प्रश्न ठेवून द्यायचा. हे पहाटेपर्यंत चालतं. इथे दुसऱ्याचं काव्य कान देऊन ऐकावंच लागतं, कारण ऐकलं नाही तर उत्तर चुकतं आणि गावासमोर शोभा होते. शाहीर दिवसा शेतात किंवा मुंबईत कुठल्या तरी गोदामात कामाला असतो. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांसमोर असे सामने होत असत. आवडलं तर माणूस उठून रंगमंचापाशी जातो आणि नोट देतो, नाही आवडलं तर तिथूनच सांगतो. ‘मनाला भिडलं’ असं तिथे कोणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि थेट सुरुवातच काढायची तर अलिबागेजवळ आक्षीचा शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं त्याचं वाचन आहे आणि मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो मोजला जातो. कविता नव्हे, राजाच्या कारभारातला मजकूर. पण तो लिहिणाऱ्यानं वाचकाचा पुरेपूर विचार केला होता. मजकुरात महालक्ष्मीची आण घालून ठेवली आहे. वाचकाला आण घालायची ही सोय आमच्या कवींना मिळाली असती तर किती बरं झालं असतं! तरी अभ्यासक काही ऐकत नाहीत. त्यातल्या एकेका अक्षरावर, सालावर, आजवर वाद चालू आहेत. हजार वर्षं प्रतिक्रिया येत राहिल्या असा आमच्या तालुक्यातला हा एकमेव लेखक.

हौशी कवीचा खरा प्रश्न वाईट दाद हा नसतोच. मराठी कवीला शिव्या पचतात. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ जमलं तेव्हा मित्रामित्रांत चहाबरोबर कविता वाचल्या जात, एकमेकांना मान डोलावली जाई. दोनच वर्षांत अत्र्यांनी ‘केशवकुमार’ होऊन ‘झेंडूची फुले’ काढली आणि त्यांच्या लकबींची, फारसी शब्दांची, सुस्काऱ्यांची यथेच्छ टर उडवली. मंडळातल्या मंडळींना राग आला असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण विडंबन करायला मूळ कविता पाठ व्हावी लागते. चहाला हजर असणाऱ्यांपैकी किती जणांनी मित्राच्या कविता इतक्या बारकाईनं वाचल्या असतील, अशी मला शंका आहे. केशवसुतांचं त्याहून वेगळं. कविता मासिकांतून छापून येत होत्या, पण १९०५ साली ते गेले तोवर त्यांचं पुस्तक नव्हतं. हरिभाऊ आपट्यांनी ते १९१७ साली काढलं. उलट ठोंबऱ्यांचा त्र्यंबक १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात उभा राहिला तेव्हा सतरा वर्षांच्या आसपासचा होता. अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशानं शल्यवैद्य आणि नादानं वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी पोराला ‘बालकवी’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. औषधी झाडं ओळखणाऱ्याची नजर होती ती.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती दाद पेण तालुक्यातल्या एका घराण्यातली आहे. गागोदं हे डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथे १८९५ साली विनायक नरहर भावे जन्मले. पुढे वडिलांच्या नोकरीपायी बिऱ्हाड बडोद्याला गेलं आणि तिथे हा मुलगा कविता करू लागला. एकेका कवितेवर तास न् तास, कधी अख्खा दिवस घालवायचा. मनासारखी उतरली की काय करायचा, तर ती अग्नीला अर्पण करायचा. मनासारखी, हे लक्षात घ्या. न जमलेली कविता फाडणारे पुष्कळ असतात. हा जमलेली जाळत होता. पुढे काशीला गेल्यावर गंगा होतीच.

एका थंडीच्या दिवशी चुलीशी बसून तो कागद एकेक करून जाळत असताना आईनं पाहिलं. काय जाळतोस म्हणून विचारलं. कविता, म्हणाला. आई रुक्मिणीबाई. तिनं उपदेश केला नाही, अरेरे म्हटलं नाही, जपून ठेव म्हणून विनवलंही नाही. एवढंच म्हणाली की मी तर त्या पाहिल्याच नाहीत. त्यानंतर नवा नेम झाला. कविता पुरी झाली की आधी आईला वाचून दाखवायची, मग जाळायची.

हा मुलगा म्हणजे विनोबा. त्यांनी ही आठवण स्वतः सांगितली आहे आणि ती वाचल्यापासून ते बडोद्याचं स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एक कवी, एक श्रोता, शेजारी जाळ. आमच्या पोपटी संमेलनाला लागणारं सगळं तिथे हजर होतं, फक्त कोंबडी नव्हती, आणि त्या घरात ती असण्याची शक्यताही नव्हती. त्या माउलीनं कविता ऐकून काय म्हटलं असेल? ‘छान’ म्हटलं असेल? की पोळी लाटता लाटता नुसतं ‘हं’? ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. मला वाटतं तिनं काहीही म्हटलं तरी फरक पडत नसणार, कारण कागद पुढच्या क्षणी जाळात जायचाच होता. तिथे स्तुतीचा उपयोग नव्हता. कविता कुठे छापून येणार नव्हती, कुठल्या अंकाला जाणार नव्हती. फक्त आईला ती हवी होती, म्हणून तो वाचत होता.

ह्याच बाईनं मुलाच्या हातून एक पुस्तकही लिहवून घेतलं, तेही अशाच एका साध्या तक्रारीतून. तिला गीता वाचायची होती आणि संस्कृत येत नव्हतं. मुलानं वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही तिला जड गेली. तेव्हा ती म्हणाली की मग तूच का लिहीत नाहीस? आमच्या कट्ट्यावर असं कोणी म्हटलं असतं तर कवी रुसला असता. ‘समजायला कठीण आहे’ ही आमच्याकडे टीका समजतात. विनोबांनी ती मागणी मनात ठेवली. आई १९१८ साली गेली. ‘गीताई’ लिहायला घेतली १९३० साली आणि छापून आली १९३२ साली. लाखो प्रती गेल्या, खेडोपाडी आयाबायांच्या तोंडी बसली. जिनं मागितली होती ती ऐकायला नव्हती, आणि जाळलेल्या कवितांचं काय होतं ते आता कोणालाच कळायचं नाही. माझा स्वतःचा अंदाज असा की त्या बऱ्या असणार, पण ‘गीताई’इतक्या सोप्या नसणार. मागणारं कोणी नसलं की कवी जरा अवघडच लिहितो.

असा मागणारा वाचक आमच्या मंडळींत अवतरला तो एका पोपटीच्या रात्री, आणि त्याला आपण समीक्षा करतोय याची कल्पनाही नव्हती.

आमच्याकडे एक निवृत्त मास्तर आहेत. गणित शिकवायचे, त्यामुळे वृत्तात पक्के. त्यांची पौर्णिमेवरची एक कविता जिल्हाभर गाजलेली होती. पुनवेचा चंद्र डोंगराआडून उगवतो, त्याच क्षणी सागराला भरती येते, किनाऱ्यावर वाट पाहत उभ्या असलेल्या तिच्या पावलांना लाट येऊन बिलगते आणि त्याच लाटेवरून तिचा तो येतो. बिलगण्याच्या ओळीला हमखास टाळी. मास्तर त्या ओळीनंतर थांबायचेच. टाळीची जागा वहीत पेन्सिलीनं खूण करून ठेवलेली मी पाहिली आहे.

त्या रात्री मडकं लावायला शेजारच्या कोळीवाड्यातले एक नाखवा आले होते. कविसंमेलनाशी त्यांचा संबंध मडक्यापुरता. टाळी वाजून गेली तरी ते कपाळाला आठी घालून जाळाकडे बघत होते. मग म्हणाले, “मास्तर, एक इचारू?”

“विचारा की, नाखवा.”

“ह्यो चांद कनच्या तिथीचा?”

“पुनवेचा. सांगितलंय ना पहिल्याच ओळीत.”

“मंग भरती कशी आली? पुनवेला चांद उगवतो तवा सुकती असतं. पानी पार किल्ल्याच्या पल्याड. तुमची बाय पाय भिजवाला गेली त चिखलान रुतंल.”

हसू उसळलं. मास्तर हसले नाहीत, कारण त्यांचं मन आकडेमोडीला लागलं होतं. किनाऱ्यावरच्या पोराला येणारा तो हिशेब: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला, आणि तीही भांगाची, अशक्त. पुनवेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाची भरती भर दुपारी आणि मध्यरात्री. चंद्र उगवतो सूर्यास्ताच्या सुमाराला. तेव्हा समुद्र बरोब्बर उलट टोकाला, जाता येईल तितका लांब गेलेला. अलिबागच्या किनाऱ्यावरून त्या वेळी कुलाबा किल्ल्यात लोक चालत जातात. पुस्तकांतल्या चंद्रोदयांना आणि भरत्यांना इतकी वर्षं मान डोलावत आलो आम्ही, तेही समुद्राकाठी बसून. कोणालाही हे दिसलं नव्हतं.

मंडळी मास्तरांच्या बाजूनं धावली. कवितेत पंचांग बघायचं नसतं, असं एक जण म्हणाले. कवीचा समुद्र मनातला असतो, असं दुसरे. अध्यक्षांनी कालिदासाचा दाखला द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात मडक्यावर चुर्र झालं. नाखवांना वादात रस नव्हता. ते पाला बाजूला काढू लागले. मास्तर मात्र शेंगा सोलताना गप्प होते आणि निघताना त्यांनी नाखवांना गाठून विचारलं, “चिखल कुठवर लागतो?”

पुढच्या पुनवेला ते एकटे किनाऱ्यावर जाऊन बसले, असं त्यांच्या घरातून कळलं. त्याच्या पुढच्याही. वहिनी म्हणाल्या, “आधी लिहायचे तेव्हा निदान घरात तरी असायचे.”

नवी कविता त्यांनी होळीच्या आसपास वाचली. चंद्र उगवतो, तिच्यापुढे समुद्रच नाही. नुसती ओली वाळू, तिच्यावर लांबच लांब चांदणं आणि त्या टोकाला किल्ला. यायचं असेल त्याला आज होडीसुद्धा लागणार नाही, वाट इथून तिथवर मोकळी आहे. आणि तरी कोणी येत नाही. मग मध्यरात्रीपर्यंत पाणी चढत जातं. एवढीच कविता. टाळीसाठी थांबायची जागा त्यात नव्हती, त्यामुळे कोणी टाळी वाजवली नाही. मी त्यांची निम्मी कविता तरी तोंडपाठ असलेला माणूस. त्या दिवशी चहा माझ्या हातात तसाच निवला.

मंडळींचं मत पडलं की पहिली जास्त छान होती. बिलगण्याची ओळ का काढलीत, असं तिघा-चौघांनी हळहळून विचारलं. काकू म्हणाल्या, “बिचारीला उगाच उभं ठेवलंत.” मास्तर सगळ्यांना मान डोलावत होते, पण त्यांचं लक्ष दाराशी होतं. नाखवांना त्यांनी मुद्दाम निरोप धाडला होता. ते उशिरा आले, दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानंच ऐकलं आणि म्हणाले, “आता बराबर.” आणि निघून गेले, कारण त्यांना बर्फाची गाडी गाठायची होती. मास्तरांनी त्या दिवशी सगळ्यांना वेफर्स आपल्या खर्चानं मागवले.

जूनच्या एक तारखेला पावसाळी मासेमारीबंदी लागली, होड्या वर ओढल्या गेल्या आणि डागडुजी सुरू झाली. अशात एका सकाळी नाखवा मास्तरांच्या ओट्यावर हजर. मी तिथेच होतो. “होडीला रंग काढलाय, मास्तर. पुढं लिवाला दोन वली द्या.”

मास्तरांचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी कविता मागायला घरी आलं होतं. त्यांनी चार दिवसांची मुदत घेतली आणि आठ ओळी दिल्या. नाखवांनी कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “पेंटर अक्षराला पैसं घेतो.” ओळी चारांवर आल्या, मग दोनांवर. तेव्हा नाखवांनी जागेचा हिशेब मांडला. नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरांत लागतोच, तो सरकारचा. त्याच्या वर एकवीरा आई, तिला हलवता येत नाही. मालकाच्या आजोबांचं नाव. राहिली मधली पट्टी, तिच्यात एक शब्द बसेल, तोही जोडाक्षर नसलेला बरा.

मास्तरांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला आणि त्यांच्या मते त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कवितेचं सार सांगितलं. “‘सुकती’ लिहा.”

नाखवा ताडकन उभे राहिले. “जल्ला मेला! होडीवं सुकती कोन लिवंल? धंदा बुडंल ना माजा. भरती लिवा.”

“पण कुठल्या तिथीची भरती, नाखवा?”

“होडीवं तिथी कोन बगतंय, मास्तर?”